एका छपराखाली

हसकेल किहीमकर आमच्याकडे जेवायला आला की आधी स्वयंपाकघरात शिरून पातेल्यावरचं झाकण उचलतो. गाव अलिबागजवळ, घराणं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, नोकरी इकडे परदेशात, चेरीवूडला. शिवाय तो कोहेन, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिरात ज्यांच्याकडे पौरोहित्य होतं त्यांच्या वंशातला. मंदिर पडून दोन हजार वर्षं होत आली, पण बापाकडून मुलाकडे नियम येतच राहिले. त्यातला एक असा की, ज्या छपराखाली प्रेत असेल तिथे कोहेननं थांबायचं नाही. "देऊळ गेलं, ड्यूटी राहिली," अशी मी त्याची टिंगल करायचो.

गेल्या दिवाळीत ल्यूकनच्या एका हॉलमध्ये फराळ चालू असताना तो ताट ठेवून तडक बाहेर गेला. मी मागे गेलो, तर पार्किंगमध्ये पंजे चोळत उभा. मधलं बोट आणि अनामिका एकमेकांपासून फाकलेली, आशीर्वाद देताना ते लोक फाकवतात तशी.

"मी करत नाहीये रे. आपोआप होतंय."

थोड्या वेळानं मागच्या खोलीत हॉलचा म्हातारा केअरटेकर खुर्चीतच गेलेला सापडला. मी योगायोग म्हणून सोडून दिलं.

या नोव्हेंबरात आईला न्यूमोनिया झाला. मी डॉक्टर असूनही हातपाय गाळून बसलो होतो. तिला धडधाकट कराडला परत पाठवायचं, एवढंच मला हवं होतं. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर एका सकाळी ताप, खोकला, धाप सगळं एकदम थांबलं. ती उठून बसली, केस विंचरले. मला आनंदानं रडू फुटलं. तेव्हापासून ती काही खात नव्हती, भूक नाही म्हणायची. आजारपणानंतर होतं असं.

रविवारी तिनं स्वतः भरली वांगी केली, म्हणून हसकेलला बोलावलं. दुपारी बेल वाजली. तो उंबऱ्याबाहेरच थांबला, हात कोटाच्या खिशात.

"ये ना."

"विनय, घरात कोण कोण आहे?"

त्याचा चेहरा पाहून मला चेष्टा सुचली नाही. मी धावत वर गेलो. माझी मुलगी स्वानंदी पलंगावर लोळत होती. "आयम ग्रँड, बाबा. व्हॉट?" बायको इरावती केस पुसत होती. खाली आई ओटा पुसत होती.

मग आठवलं, ॲडम्सटाउनमधलं आमचं हे जोडघर. शेजारच्या म्हाताऱ्या नोराचं आणि आमचं छप्पर एकच. माझ्या जिवात जीव आला. पण बेल वाजवताच नोरानं हसत दार उघडलं. "ऑल ग्रँड हिअर, डॉक्टर."

"सगळे जिवंत आहेत," मी परत येऊन म्हणालो. "तुझी बोटं चुकली या वेळी."

त्यानं खिशातून हात काढले. बोटं फाकलेलीच होती.

"अरं, दारात काय उभा राहिलायस? ये की आत." आई वाटी घेऊन बाहेर आली. बाहेर भुरभुर पाऊस होता. उघड्यावर, ओल्या फरशीवर ती अनवाणी उभी राहिली.

हसकेल फाटकापर्यंत मागे सरकला. वाटी घेतली नाही.

तो आपल्या पंजांकडे बघत राहिला. बोटं हळूहळू मिटली.

मग आम्हाला लांबून वळसा घालून, हिरवळीवरून तो दाराशी गेला आणि सरळ आत शिरला.

"आता येता येतंय, विनय," तो आतून म्हणाला आणि रडायला लागला.

बोचरी थंडी होती. माझ्या तोंडातून वाफ निघत होती.

"चल की," आई म्हणाली. "गार लागंल तुला." तिच्या तोंडातून वाफ निघाली नाही.

मी तिचं मनगट धरून उभा आहे. नाडी कुठे लागते ते मला झोपेतही सांगता येईल. बोटं मी तिथून जरा बाजूला ठेवलीत.