नवव्या दिवसाची अंडी

मंगळवार बाजारात मी एक अंडं उन्हापुढं धरून न्याहाळत होते.

"बाई, अंडं हाय ते, हिरा न्हाय," टोपलीमागचा तरुण हसला.

"कोंबडा असलेल्या घरचं हवंय. आणि नऊ दिवस उबवलेलं."

"नऊ दिवसांचं? ते खानार कोन?"

"कुणी नाही. बघणार आहे."

तो ईश्वर, जवळच्या कुंभारी गावचा. साल पंचाहत्तर. मी मेडिकल कॉलेजात मज्जापेशींवर प्रबंध करत होते. उबवणीयंत्र होतं, पण वीज रोज जायची, म्हणून अंड्यांवर बसलेल्या त्याच्या खुडूक कोंबड्यांचाच आधार. दर मंगळवारी सहा अंडी भुशात ठेवून तो सायकल हातात धरून चालत यायचा. हादऱ्यानं आतलं पिल्लू बिघडेल म्हणून! मला मात्र म्हणायचा, "चालायची सवय हाय की..." मी त्या मंगळवाराची वाट बघू लागले होते, खोटं कशाला बोलू?

एकदा त्याला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. पेशीतून बारीक धागा निघाला होता.

"ह्याला कोन सांगतं, निघ म्हनून?"

"बाहेरून निरोप येतो. मग आतलं प्रोटीन कायनेज नावाचं एन्झाइम दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतं, त्यांना कामाला लावतं — आणि धागा निघतो. असा आमचा कयास. सिद्ध व्हायचंय."

"आनि पिल्लू?"

"ते... उरत नाही."

"ठाऊक हाय. बसल्या कोंबडीखालनं अंडी काढू नयेत, आई म्हनती. महिना झाला, बोलत न्हाय माज्याशी."

"मग का आणता?"

"तुमाला लागतात म्हनून." त्यानं मान खाली घातली. "आता दुसरं काय सांगू..."

प्रबंधाला शेवटची सहा अंडी हवी होती, आणि ती समोर टेबलावरच होती. प्रबंधाचे मार्गदर्शक सर रागावणार, सहा महिने वाया जाणार, सगळं दिसत होतं. तरी मी अंडी पदरात घेतली.

"चला, कुंभारीला."

"आनि प्रबंध?"

"यंत्रावर करीन. वीज असेल तेव्हा."

त्याची आई, मीनाबाई, दारातच होत्या. "अंडी परत आणलीत," मी म्हणाले. "चूक माझी होती, यांची नाही."

त्यांनी एकेक अंडं गालाला लावून ऊब पाहिली आणि कोंबडीखाली सरकवलं. मग लेकाला म्हणाल्या, "हातपाय धू. जेवायचं हाय." माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "बारा दिवस हायत अजून. येत जा बघायला."

बाराव्या दिवशी पिल्लं निघाली, सहातली चार. तेराव्या दिवशीही मी गेले.