न मोडलेली जागा

२०१२चा फेब्रुवारी. कर्नाळ्याच्या पायथ्याशी सागाची पानगळ भरात होती. कीर्ती जानेवारीपासून दर रविवारी पनवेलहून एसटीने तिथे जायची. ती फिजिक्सची पदवीधर. छंद फोटोग्राफीचा, पण शिस्त प्रयोगशाळेची. आधी जमीन स्वच्छ झाडायची, मग धाकट्या बहिणीला, पूर्वीला, तिथे निजवायची. दोन तासांत भोवती पानं साचत. अंगावरची कीर्ती एकेक उचलून घ्यायची. पूर्वी अलगद उठली की मागे माणसाच्या आकाराची मोकळी माती उरे. प्रदर्शनासाठी कीर्तीला तसे आठ फोटो हवे होते.

“ताई, माझा फोटो काढतेस की मी नसल्याचा?” पूर्वी दर वेळी चिडवायची.

वाडीवरची भीमाबाई मोळी घेऊन जाताना थांबून बघायची. पाल्यात निजलं तर निघताना ती जागा पायानं विस्कटून मोडायची, अशी त्यांच्यात रीत होती. तिनं दोघींना तसं बजावलंही होतं. पहिल्या सातही वेळा दोघींनी ती मोडलीही होती. पण आठवा आकार इतका रेखीव उतरला, की कीर्तीनं तो तसाच ठेवला. आठवड्यात त्यात किती पानं पडतात, तेही बघता येईल.

त्या आठवड्यात पूर्वी झोपू लागली. आधी बसमध्ये, मग जेवताना ताटावर. डॉक्टरांनी रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. शुक्रवारपासून तर ती उठेचना. आई चमच्यानं पाणी पाजत होती.

रविवारी कीर्ती एकटीच गेली. आकाराभोवती घोटाभर पानं होती. आत एकही नव्हतं.

वरच्या फांद्या इतरांसारख्याच ओक्याबोक्या. म्हणजे पानं गळली होती. तिनं एक पान खांद्याच्या उंचीवरून आत सोडलं. ते खाली येता येता सरकलं आणि कडेबाहेर पडलं. वारा नव्हता. तिनं दहा वेळा करून पाहिलं. दहाही वेळा तेच.

“मोडली नाय ना?” मागून भीमाबाई म्हणाली.

“आत्ता मोडते.”

“तुजी नाय ती, बाय. निजली तिनंच मोडायची.”

“ती उठतच नाही हो.”

भीमाबाईनं तिच्याकडे पाहिलं, मोळी सावरली आणि वाटेला लागली.

पानं कोणाच्या हातानं हलली, यानं काय फरक पडतो? कीर्ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी पाला आत ढकलला. या वेळी तो सरकला नाही.

पण मातीवरही टेकला नाही. पावलांपासून डोक्यापर्यंत वीतभर वरच राहिला.

तोंडाच्या जागी एक पान किंचित उचललं जात होतं. खाली येत होतं. पुन्हा उचललं जात होतं.

कीर्तीनं घड्याळ पाहिलं. मिनिटाला सोळा. तिला हायसं वाटलं. झोपलेल्या माणसाचा श्वास एवढाच असतो.

पुढच्या मिनिटाला नऊ.

ती दोन्ही हातांनी पाला उपसू लागली. खाली नुसती गार माती होती.

तोंडाच्या जागचं एकच पान राहिलं. ते मातीपासून वीतभर वर होतं, आणि हलत नव्हतं.