कोण राहिलं जेवायचं?

बोटीवर आचारी म्हणून रुजू व्हायला तो धक्क्यावर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर बटाट्याचं पोतं होतं आणि हातात केळ्यांचा घड. बटाटे बोटीवर चढले. केळी कप्तानाने खालीच ठेवायला लावली.

"केळी चालत नाहीत."

"का? बोट बुडते?"

"बोट कशाला बुडेल? केळ्यांशेजारचं सगळं भराभर पिकतं आणि सडतं. मग शेवटी काय खायचं, माझं डोकं?"

आचाऱ्याला माणूस आवडला. त्याचं स्वतःचं निम्मं आयुष्य खानावळीच्या चुलीपुढे गेलं होतं आणि त्याचा विश्वास होता तो फक्त मिठाच्या अंदाजावर. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. समजुतीचं मूळ मात्र खुशाल शोधावं, बहुतेक वेळा तळाशी एखादं बिघडलेलं पोट सापडतं. बोटीवर अंड्याची टरफलं चुरडून टाकायची, कारण कधीकाळी कुणीतरी अख्ख्या टरफलावर पाय देऊन आपटला असणार. ताटातला मासा उलटायचा नाही, कारण हलत्या बोटीत उलटलेला मासा शेजाऱ्याच्या मांडीवर जातो. यात भूत कुठे आलं?

"आणखी एक," कप्तान म्हणाला. "सगळ्यांना वाढून झालं की 'कोण राहिलं जेवायचं' असं विचारायचं नाही."

"ते का बरं?"

"एकाने ती हाक ऐकून जाळ्याचा दोर सोडला. दुसऱ्याची बोटं गेली."

हे कारणही पटण्यासारखंच होतं. फक्त ते सांगताना कप्तानाने त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्यालाही कारण होतं. आचाऱ्याचा धाकटा भाऊ याच बोटीवर खलाशी होता. मागच्या हंगामात तो समुद्रात गेला, प्रेतही मिळालं नाही. बोटीवरची माणसं घरी आली, "लाट आली आणि गेला" एवढं बोलली आणि चहा तसाच टाकून उठली. आईला ते पटलंच नाही. रोज स्वयंपाक झाला की ती धाकट्याचा वाटा बाजूला झाकून ठेवायची आणि संध्याकाळी तोच गार भात स्वतः खायची. थोरल्याने समजावलं, मामाने समजावलं. "कुणीतरी मला खरं काय ते सांगा, मग मी त्याचं भांडं घासून ठेवते," एवढंच ती म्हणायची. पार काडी झाली होती तिची. ते बघवेना म्हणून थोरल्याने खानावळ सोडली. काय घडलं ते पक्कं कळावं आणि आईला सांगता यावं, एवढ्यासाठी तो या बोटीवर आला होता.

पण सांगेल तर शपथ. विषय काढला की मिस्त्रीला एकदम इंजिन आठवायचं, खलाशांना दोर. आचाऱ्याच्या हातचा भात मात्र सगळे बोटं चाटून खायचे.

एका दुपारी धुकं उतरलं. कप्तानाने इंजिन बंद करून नांगर टाकला. डिझेलचा वास जागच्या जागी थांबून राहिला आणि त्याखालून दुसरा वास यायला लागला, तळातल्या गाळाचा. बोटीखाली पाणी मधूनच डुचमळत होतं. बाकी काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. काम नव्हतं, म्हणून सगळे जण एकदमच जेवायला बसले. असं क्वचितच व्हायचं. आचारी खूश झाला. त्याने भात वाढला, माशाचा रस्सा वाढला, पातेल्यात डोकावून पाहिलं आणि खानावळीतली जन्माची सवय त्याच्या तोंडातून बाहेर पडली.

"कोण राहिलं जेवायचं?"

सगळे हात ताटात थांबले. कप्तानाने डोळे मिटून घेतले.

"मी राहिलोय, दादा..."

आवाज कठड्याच्या पलीकडून आला, जिथे फक्त पाणी होतं. दमून घरी आल्यावर उंबऱ्यातून बोलावं तितका साधा. आचाऱ्याने तो आवाज बोबडा असल्यापासून ऐकला होता.

"वाढ," कप्तान पुटपुटला. "विचारलंस ना... आता वाढ. गप्प बसू नकोस."

त्याने ताट भरलं. दोन्ही हातांनी धरून कठड्याबाहेर नेलं. धुक्यात त्याला स्वतःची मनगटंही दिसेनात. कुणी ताट ओढलं नाही, कसला स्पर्श झाला नाही. ते नुसतं हलकं होत गेलं. जेवणाऱ्याला घाई नव्हती. आचाऱ्याला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त रडू येत होतं, कारण धाकटा लहानपणीही असाच रेंगाळत जेवायचा.

"आईला काय सांगू रे...?"

पाणी डुचमळलं.

"सांग... जेवलो म्हणून."

ताट परत आलं ते पुसल्यासारखं कोरडं होतं.

धुकं विरलं. मग कप्तान येऊन त्याच्या शेजारी बसला.

"बोटांचं खोटं सांगितलं मी तुला. मागच्या हंगामात आधीच्या आचाऱ्याने असंच विचारलं होतं. पाण्यातून उत्तर आलं. आम्ही घाबरून गप्प बसलो, कुणी वाढलं नाही. संध्याकाळी लाट आली आणि तुझा भाऊ गेला."

"उत्तर कुणी दिलं होतं?"

"आवाज तुझ्या भावाचाच होता." कप्तानाने स्वतःच्या मांडीवर हात ठेवला. "आणि तो माझ्या मांडीला मांडी लावून जेवत होता रे. तोंडात घास होता त्याच्या."

"वाढलं असतं तर वाचला असता?"

"ते मला कळलं असतं, तर रात्री झोप लागली असती."

बोट धक्क्याला लागली तसा तो तडक घरी गेला. भर दुपार होती. आई चुलीपाशी बसली होती. भीतीचा भाग त्याने गाळला. आवाजाचं सांगितलं, ताटाचं सांगितलं.

"जेवला तो, आई. पोटभर जेवला. तुला सांगायला सांगितलंय."

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावून रडली, इतक्या महिन्यांचं सगळं रडली. रडून झाल्यावर डोळे पुसून उठली. धाकट्याचा झाकून ठेवलेला वाटा तिने थोरल्याच्या ताटात वाढला आणि ते भांडं घासायला टाकलं. त्याला वाटलं, सुटलो. तो जेवायला बसला. कित्येक दिवसांत अशी भूक लागली नव्हती.

आईने पातेल्यात डोकावलं. थोडा भात उरला होता. घरात दोघंच होती, पण उरलेला भात बघून कुठलीही बाई जे बोलते तेच ती सहज बोलली.

"आता कोण राहिलं जेवायचं?"

"मी राहिलोय, आई..."

मागच्या दाराबाहेरून आवाज आला. धाकट्याचा नव्हता. आईने वळून थोरल्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडात घास होता, गाल फुगलेले होते आणि डोळे त्या दाराकडे लागले होते.

आई किंचाळली नाही. तिने दुसरं ताट ओढलं, पातेलं खरवडून भात काढला आणि दाराकडे जाता जाता खालच्या आवाजात म्हणाली,

"वाढते मी त्याला. तू जेवत राहा, बाळा... थांबू नकोस."