कुलपाचं पान

कामाला गेले होते हो, दुसरं काही नाही. बोंडअळीनं कापूस खाल्ला ते साल. तेल्हाऱ्याजवळची एक जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, ऐन हंगामात थंड पडली होती. परदेशातल्या खरेदीदाराने मालकाच्या वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र मागितलं, म्हणून अकोल्याहून मला बोलावलं. वेबसाइटमध्ये चोराला कुठून शिरता येईल, ते स्कॅन करून शोधायचं, हीच माझी नोकरी.

भर दुपारी गोदामासमोर, ऑफिसच्या व्हरांड्यात लॅपटॉप उघडला. थोड्याच वेळात एक पान सापडलं. गोदामाच्या कुलपाचं. मालक विपुलशेठ अकोल्यात बसून मोबाइलवरून दार लावायचे. का, तर मजूर बायांनी मधेच बाहेर पडू नये! आणि त्या पानाला पासवर्डच नव्हता. कोणीही, कुठूनही ते दार लावावं. आज शेठ स्वतः आले होते, माझ्या शेजारीच खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्याकडे वळून मी पेपरात वाचलेलं विचारलं.

"शेठ, मांगच्या हंगामात कापूस निवडणारी केशरबाई याच गोदामात जळाली ना?"

"दार आपोआप अडकलं होतं, मिस्बाह मॅडम. मशीन हाय, अडकते. तुमी काहून जुनं उकरून राहिल्या? सर्टिफिकेट द्या न मोकळ्या व्हा."

माझं डोकंच फिरलं. एक बाई जिवंत जळते आणि या माणसाला सर्टिफिकेटची घाई! लाज कशी वाटत नाही?

"देत नाही," मी म्हटलं आणि स्कॅन पुन्हा सुरू केला.

स्कॅन त्या पानापाशी पोहोचला आणि गोदामातून आवाज आला. ठक... ठक... थांबवला, तर आवाज थांबला. सुरू केला... ठक... ठक... जळक्या रुईचा वास आला.

"शेठ... आत कोण हाय?"

"उंदरं असतील." ते हसले, पण ओठ सुकले होते. "थांबा, दाखवतोच तुमाले."

मोबाइलवरून दार उघडून ते आत गेले. मागे दार लागलं. मी कशालाच हात लावला नव्हता.

"मॅडम, उघडा! मोबाइल चालून नाही राहिला!"

मी 'उघडा' दाबलं. पानाने पासवर्ड मागितला. कुठला पासवर्ड? पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. धूर नव्हता, आग नव्हती, वास मात्र दाटत चालला होता. शेठ दोन्ही हातांनी दार बडवत होते.

मग आतून एक बाई बोलली, अगदी शांतपणे...

"वरडू नका, मालक. मी लय वरडली. बाहेर कोणाले आयकू येत नाही."