रिकाम्या तलावाचा वास

“कॅप्टन मीच!” टिटवी ओरडली.

“अगं, हळू! कानठळ्या बसल्या माझ्या!” बटाट्याने दोन्ही कान झाकले.

टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हे, आवाजामुळे पडलेलं. घरी, शाळेत, जिथे तिथे तिला एकच ऐकावं लागायचं, “हळू बोल!” बाबाही तेच म्हणायचे. आत्ता बाबा पोहण्याच्या तलावात, पार खोल टोकाला, रेडिओ लावून रिकाम्या तळाला रंग देत होते. रंग वाळला की तिथेच क्रिकेट खेळायचं, असा तिचा, बटाट्याचा आणि चष्मिशचा सुट्टीतला बेत उथळ टोकाच्या कार्यालयाच्या पायरीवर शिजत होता.

इतक्यात चष्मिशने नाक वर केलं. “तलावाचा वास येतोय.”

“मग तलावाशेजारी काय गुलाबाचा येणार?” बटाटा खिदळला.

“अरे शहाण्या, तलावात पाणी कुठंय?”

खरंच की! टिटवीने मान वळवली. तिचा मामा तलावाची औषधं घेऊन आला होता. खोल टोकाजवळ सावली बघून त्याने व्हॅन अगदी काठाला लावली होती आणि स्वारी कार्यालयात चहा ढोसत बसली होती. व्हॅनचं मागचं दार अर्धवट उघडं होतं.

चष्मिशने पक्षी बघायची दुर्बीण डोळ्याला लावली. त्याची मावशी अग्निशमन दलात होती, त्यामुळे त्याला डब्यांवरच्या खुणा तोंडपाठ होत्या.

“पिवळ्या चौकोनात वर्तुळावर ज्वाळा, म्हणजे क्लोरीनची पावडर. आणि तिच्या डोक्यावर अ‍ॅसिडचा कॅन! बापरे, आडवा झालाय, ठिबकतोय! ही दोन एका गाडीत ठेवतच नाहीत. एकत्र आली की विषारी वायू होतो, आणि तो जड असतो. खाली उतरतो!”

खाली? खाली तर बाबा होते! दोरीवरचा टॉवेल व्हॅनकडून तलावाकडे फडफडत होता, आणि दारातून हिरवट धूर काठाकडे सरकत होता.

“बटाट्या, आतून फोन लाव! काय सांडलंय, वारा कुठला, माणसं किती, सगळं सांग. आणि टेबलावरची मामाच्या गाडीची चावी उचल!”

“चावी कशाला?”

“उचल म्हणते ना!”

मग तिने छाती भरून श्वास घेतला. “बाबाऽऽऽ! बाहेर याऽऽ!”

रेडिओच्या गोंगाटातूनही तिची हाक पोचली. बाबांनी वर बघितलं आणि ब्रश टाकून ते जवळच्या शिडीकडे वळले. शिडी नेमकी व्हॅनजवळच्या काठाला!

“शिडी नकोऽऽ! वाऱ्याला आडवे पळा! माझ्याकडेऽऽ!”

बाबा पळत सुटले. खोकत खोकत उथळ पायऱ्या चढले आणि मुलीचा हात घट्ट धरून उभे राहिले.

एव्हाना मामा धावत बाहेर आला होता. “काही नाही गं, गाडी दोन मिनिटांत हलवतो!” त्याने खिसे चाचपले. “चावी? माझी चावी?”

बटाटा आकाशाकडे बघत राहिला.

“मग तोंडाला रुमाल बांधून दार तरी लावतो!”

टिटवी आडवी उभी राहिली. “रुमालाने वायू अडत नाही, मामा. मी तुला जाऊ देणार नाही!” ती जागची हलली नाही. शेवटी तिने सगळ्यांना लांब, फाटकाबाहेर नेलं.

पाठीवर हवेच्या टाक्या घेतलेली माणसं आली आणि त्यांनी व्हॅनचा ताबा घेतला. सगळं आवरल्यावर चष्मिशच्या मावशीने मुखवटा काढला. “फोनवर नेमकं कळलं म्हणून तयारीने आलो. शाब्बास रे पोरांनो!” मग ती मामाकडे वळली. “आणि तुम्ही हो?”

“एकाच फेरीत काम उरकावं म्हटलं,” मामा पुटपुटला.

“तुमच्या भावोजींनाच उरकलं असतंत!”

मामाची मान खाली गेली. बटाट्याने चावी गुपचूप मावशीच्या हातात ठेवली.

डॉक्टरांनी बाबांना तपासलं. घसा बसला होता, बाकी ठीक होतं. तेव्हा कुठे टिटवीला रडू फुटलं.

“बाबा, बरं वाटतंय ना?” तिने अगदी हळू विचारलं.

बाबांनी तिला जवळ ओढलं. “काय म्हणालीस?” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “जरा मोठ्याने बोल बघू!”