बँगोरचे आजोबा

ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत लॅपटॉप गुंडाळून मी धक्क्यावर उभी होते. पाऊस तिरपा येत होता आणि टपालाची बोट, जिच्यावरून मला पलीकडे जायचं होतं, ती माणसांनी भरलेली.

"पाव ओला होईल," बोट चालवणारा पोरगा म्हणाला.

"पाव नाही. ब्लॉग आहे."

तो हसला. कॉल्बी टॉरी त्याचं नाव. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या बेटावर मावशीची बेकरी सांभाळायला येऊन मला महिनाच झाला होता, अन् इथे इंटरनेटचा पत्ता नव्हता. लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरवर मी घरी बसून पोस्ट लिहायची. मथळा, फोटो, सगळं जागच्या जागी लागायचं, फक्त शेवटचं 'प्रकाशित करा' दाबायला समुद्र ओलांडावा लागायचा. कॉल्बीने सुचवलं, पेन ड्राइव्ह दे, पलीकडे आमच्या टपाल ऑफिसात तेच सॉफ्टवेअर टाकतो, बटण मीच दाबतो. अशा रीतीने फोन नंबरच्या आधी मी एका माणसाला पासवर्ड दिला.

वाचकांच्या प्रतिक्रिया तो तोंडी आणायचा. बँगोरच्या एका आजोबांनी मावशीच्या भट्टीतल्या ब्लूबेरी पायवरचं लिखाण म्हणे दोनदा वाचलं. धुक्यावरचं वाचताना व्हरमाँटच्या बाईंनी उठून खिडकी लावून घेतली. छापून आण म्हटलं, की ऑफिसचा प्रिंटर बिघडलेला असायचा. मला त्याचं काही नव्हतं. वर्षभर कुणी वाचलं नाही तर लिहिणं सोडायचं, असं मी ठरवून आले होते आणि आता त्या आजोबांसाठी हुरूप चढायचा. तसा तो कॉल्बीची बोट लांबून दिसली तरी चढायचा... पण ते मी पोस्टमध्ये लिहीत नव्हते.

सप्टेंबरात बेटावर इंटरनेटचा टॉवर उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कॉल्बीने मात्र नाही. त्या संध्याकाळी मी स्वतःचा ब्लॉग उघडला. प्रतिक्रिया दोनच. एक बूट विकणाऱ्याची. दुसरी आईची, लोकरीचे मोजे घालतेस ना म्हणून.

मी रडले. राग आला, त्याहून लाज जास्त वाटली. सकाळी धक्क्यावर गेले तेव्हा तो दोर आवळत होता.

"बँगोरचे आजोबा कुठे राहतात रे?"

त्याचे हात थांबले. "बघितलंस तर."

"खिडकी कुणी लावली?"

"मीच," तो खाली बघत म्हणाला. "ऑफिसची. खरंच गारठलो होतो वाचून. अन् पायवरचं दोनदा नाही, चारदा वाचलं. बोललो त्यातलं काही खोटं नव्हतं, ऑड्रा. नावं तेवढी खोटी."

"मग स्वतःच्या नावाने का नाही सांगितलंस?"

"एकच वाचक आहे म्हटलं असतं तर लिहिणं बंद केलं असतंस तू. मग पेन ड्राइव्ह द्यायला कोण आलं असतं?"

रिमझिम सुरू झाली होती. मला भांडायचं होतं, तयारीही करून आले होते. पण माझी प्रत्येक ओळ इतक्या मनापासून वाचणारा माणूस समोर भिजत उभा होता, अन् मला एकदम वाटलं, एवढे वाचक मला पुष्कळ झाले.

मी खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

"टॉवर आलाय की आता," तो म्हणाला.

"असू दे. मला प्रतिक्रिया तोंडीच लागतात. काल रडून झाल्यावर लिहिलंय, त्यात एका माणसाचा उद्धार केलाय. आजोबांना विचार, कसं वाटतं."

त्याने पेन ड्राइव्ह मुठीत धरला, पण बोटीकडे वळला नाही.

"न वाचताच सांगतायत ते. म्हणतात, पोरीला एकदाचं विचारून टाक."

"आणि व्हरमाँटच्या बाई?"

"त्या... पहिल्या पोस्टपासून हेच म्हणतायत."

"आणि कॉल्बी टॉरी?"

त्याने माझ्याकडे बघितलं, दोर हातातच. "त्याचं तुझ्यावर प्रेम आहे. नाव खरं, बाकीचंही खरं."

"ही प्रतिक्रिया मंजूर," मी म्हणाले आणि त्याचा ओला हात धरला.

त्या दिवशी टपाल उशिरा सुटलं. का, ते दुपारपर्यंत अख्ख्या बेटाला कळलं होतं, तेही इंटरनेटशिवाय.