दारापाशी भरलेली बादली

कुणाला पटो न पटो, ही गोष्ट घडलेली आहे. पिंपरीत घडलेली आहे. आणि रात्री-बेरात्री नाही, चैत्रातल्या भर दुपारी, तान्ह्या पोरांनी भरलेल्या एका खोलीत.

भुतं फक्त अमावास्येला पिंपळाखालीच भेटतात अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी इथंच थांबलेलं बरं.

साल १९५७. पिंपरी म्हणजे तेव्हा एक लहानसं स्टेशन, भोवती जोंधळ्याची शेतं आणि नुकत्याच उभ्या राहू लागलेल्या चिमण्या. त्यातली एक चिमणी कौलांच्या कारखान्याची होती. पुरुष भट्टीवर आणि बायका मातीवर. खाणीतून माती उपसायची, पाट्या वाहायच्या, चिखल तुडवायचा. कायदा आला होता म्हणून मालकाने मजूर बायकांच्या पोरांसाठी एक खोली काढून दिली होती. तेच पाळणाघर.

तिथं सुमनताई बाई होत्या. पुण्याहून सकाळच्या गाडीने यायच्या. बालवर्गाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पदरात मूल नव्हतं. हाताखाली गवराबाई नावाची म्हातारी आया होती, ती इथलीच.

खोलीत शहाबादी फरशी होती. वर आढ्याला आकडे, आकड्यांना पोरांच्या आयांच्या जुन्या लुगड्यांच्या झोळ्या. रांगती पोरं खाली सतरंजीवर.

दुपारी घंटा व्हायची. ती पोरांना पाजायची सुट्टी. घंटा झाली की सगळ्या बायका चिखलाने माखलेल्या हातापायांनी धावत यायच्या.

आणि दारात अडायच्या. कारण दारापाशी सुमनताईंनी पाण्याची बादली ठेवलेली असायची. तांब्या आणि साबणाची वडी. आधी हात धुवायचे, छाती पुसायची, मगच पोराला हात लावायचा. बायका हसायच्या. "आलं बाईंचं सोवळं!" म्हणायच्या. पण पोरांची पोटं बिघडायची थांबली, तेव्हा हसूही थांबलं.

एक तानाबाई तेवढी रोज विसरायची.

तिची आधीची दोन मुलं गेली होती. हा तिसरा. दृष्ट लागू नये म्हणून त्याचं नाव केरू ठेवलं होतं, केरातून उचलून आणल्यासारखं. त्याच्या रडण्याचा आवाज कानावर आला की तानाबाईला बादली दिसायचीच नाही. थेट आत.

"तानाबाई, हात."

सुमनताई एवढंच म्हणायच्या. ती जीभ चावायची, मागे फिरायची, हात धुऊन यायची. रोज. केरू वर्षाचा होत आला तरी तिला ती सवय लागली नाही.

त्या दुपारी घंटा झाली... सगळ्या आल्या. तानाबाई आली नाही.

झोळीत केरू रडत होता. सुमनताईंनी दाराकडे दोनदा पाहिलं. मग खाणीकडून ओरडा ऐकू आला. मातीचा कडा ढासळला होता.

गवराबाई जाऊन आली आणि उंबऱ्यावरच बसली.

"बाई, समदी मातीनं भरली व्हती," ती म्हणाली. "पर चोळी वली व्हती तिची. दुधानं."

सुमनताईंनी केरूला उराशी धरलं आणि त्या त्याच्याबरोबर रडल्या. त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

तानाबाईचा नवरा गेनू भट्टीवर होता. त्याने पोराला कुरुळीला आपल्या आईकडे नेलं. आजीने, आक्काबाईने, गाईचं दूध दिलं, शेळीचं दिलं, शेजारणीच्या पदराखाली धरून पाहिलं. पोराने तोंड फिरवलं. कशालाच शिवेना. गेनू त्याला घेऊन परत पाळणाघराच्या दारात उभा राहिला.

"दिवसाचं हितं ठिवा, बाई," तो म्हणाला. "तुमच्या वळखीचा तरी हाय. तिकडं ऱ्हायला तर वाचायचा न्हाई."

सुमनताईंनी त्याला त्याच जुन्या झोळीत निजवलं. तानाबाईच्या लुगड्याची झोळी. बोंडल्याने दूध पाजायला गेल्या, त्याने थुंकून टाकलं. नाचणीची पेज, तीही थुंकली. रडून रडून त्याचा आवाज बसला.

दुपारची घंटा झाली. बायका आल्या, पाजून परत गेल्या. जाताना प्रत्येकीने केरूला जवळ घेऊन पाहिलं. त्याने कुणालाच तोंड लावलं नाही.

खोली शांत झाली.

आणि मग... केरू रडायचा थांबला.

थकून झोपला असेल असं सुमनताईंना वाटलं. काही वेळाने त्या झोळीपाशी गेल्या. पोर गाढ झोपलं होतं. पोट तट्ट भरलेलं.

ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकांना विचारलं. एकीनेही पाजलं नव्हतं. पाजलं असतं तर लपवलं कशाला असतं? त्या दुपारी सुमनताई खोलीतच बसून राहिल्या. बायका गेल्यावर बादलीतलं गढूळ पाणी ओतलं, स्वच्छ पाणी भरून ठेवलं आणि भिंतीला टेकल्या.

सतरंजीवर पोरं खेळत होती.

एकाएकी सगळी गप्प झाली...

एकाच वेळी. सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

दारात कुणी नव्हतं. नुसतं ऊन होतं.

मग बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज आला. पाणी पडलं. पुन्हा बुडाला. पुन्हा पडलं.

मग फरशीवर जोडव्यांचा आवाज... टक... टक...

सगळ्या पोरांच्या माना त्या आवाजाबरोबर वळत गेल्या. दारापासून झोळीपर्यंत. सोजराबाईची दीड वर्षांची पोर हसली, बोट दाखवून म्हणाली, "मावशी."

झोळी थोडी खाली ओढली गेली. आणि केरू चुटूचुटू पिऊ लागला.

सुमनताईंची पाचावर धारण बसली. कितीतरी वेळाने झोळी वर आली. त्या कशाबशा दारापर्यंत गेल्या आणि बादलीत पाहिलं.

पाणी लाल झालं होतं. खाणीच्या मातीसारखं लाल.

ती हात धुऊन आली होती.

जिवंतपणी जिने एकदाही आपणहून हात धुतले नाहीत, ती मेल्यावर बाईंचा नियम पाळून आत आली होती. भीती बाजूलाच राहिली. सुमनताई बादलीपाशी बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रोज बायका गेल्या की पाणी बदलायच्या, साबणाची वडी कोरडी करून ठेवायच्या आणि झोळीकडे पाठ करून बसायच्या. आई लेकराला पाजते आहे, तिथं बघत बसू नये, एवढंच त्यांच्या मनात असायचं. रोज तांब्याचा आवाज यायचा. रोज अंगावर काटा यायचा. तरी त्या उठून गेल्या नाहीत.

असं चाललं असतं तर चाललं असतं.

पण केरू वाळू लागला.

पोट भरलेलं आणि बरगड्या मोजता येतील अशा. डोळे खोल गेले. दिवसभर दुसरं काही घेत नव्हता, नुसता दुपारच्या घंटेची वाट पाहत पडून असायचा. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, वरचं अन्न सुरू करा, नाहीतर हे मूल हाताला लागायचं नाही. जसं काही बाईंना ते कळत नव्हतं.

गवराबाईने एका दुपारी लाल पाणी पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही.

"मेलेल्या आईचं दूध हाय त्ये," ती म्हणाली. "प्वाट भरतं, अंगाला लागत न्हाई. लेकरू न्हाई वाचायचं, बाई. गेनूला सांगते. देवऋषी आनू. उंबऱ्यात खिळं ठोकलं की न्हाई यायची."

"खिळे?" सुमनताई म्हणाल्या. "अहो, लेकराला पाजायला येते ती. तिच्या वाटेत खिळे ठोकायचे?"

"मग पोर जाऊ द्यायचं व्हय?"

गेनूला कळलं तेव्हा तो डोकं धरून बसला. बायकोला अडवायचं त्याच्या जिवावर आलं होतं, पण पोराच्या बरगड्याही त्याला दिसत होत्या. उद्या देवऋषी आणतो म्हणाला.

"उद्याची दुपार मला द्या," सुमनताई म्हणाल्या. "मग काय ते करा."

त्यांनी गवराबाईला एकच विचारलं. "गवराबाई, तुम्ही पोरांचं अंगावरचं दूध कसं तोडलंत?"

"कसं म्हंजी? समद्या बाया करत्यात तसंच. कडुनिंबाचा पाला वाटायचा आन् लावायचा छातीला. कडू लागलं की लेकरू आपसूक सोडतं." मग म्हणाली, "पर त्ये आईनंच लावावं लागतं, बाई. दुसऱ्याचं काम न्हवं त्ये. लई जिवावर येतं. लेकरू रडतं आन् आपुन बी रडतो."

दुसऱ्या दिवशी सुमनताई कारखान्याच्या फाटकाजवळच्या कडुनिंबाचा कोवळा पाला घेऊन आल्या. स्वतः वाटला. हिरवा गोळा एका वाटीत घातला आणि वाटी दारापाशी, साबणाच्या शेजारी ठेवली.

घंटा झाली. बायका आल्या आणि गेल्या. गवराबाई बाहेर ओट्यावर जप करत बसली.

सुमनताई दारात उभ्या राहिल्या. समोर नुसतं ऊन होतं. उन्हाशीच बोलल्या.

"तानाबाई, तुझा केरू खंगत चाललाय गं. तुला दिसत असेल. तू पाजतेस तोवर तो दुसरं काही घेणार नाही. मी तुला येऊ नकोस म्हणत नाही. पण आता अंगावरचं तोडायला हवं. ते मला करता येत नाही. तुलाच करावं लागेल."

त्या आत येऊन बसल्या. या वेळी पाठ केली नाही.

पोरं गप्प झाली...

तांब्या बुडाला. पाणी पडलं.

मग काहीच नाही.

बराच वेळ काहीच नाही. जोडवी वाजली नाहीत. झोळीत केरूने हात वर केले होते. दाराकडे बघून तो कुरकुरत होता. ती परत गेली असं त्यांना वाटलं.

मग वाटी फरशीवर घासल्याचा आवाज आला.

टक... टक...

आज पावलं फार हळू होती.

झोळी खाली ओढली गेली. केरू अधाशासारखा पिऊ लागला आणि पुढच्याच क्षणी किंचाळला. इतक्या दिवसांत त्याचा असा आवाज निघाला नव्हता. थुंकला. पुन्हा तोंड पुढे केलं. पुन्हा किंचाळला. पुन्हा पुढे केलं. झोळी हिंदकळत होती, पण कुणी ती सोडली नाही. पोराने स्वतःहून तोंड फिरवेपर्यंत ती तशीच खाली ओढलेली राहिली.

मग हळूच वर आली.

सुमनताई धावल्या. केरूचे ओठ हिरवे झाले होते. त्यांनी त्याला पदराने पुसलं, मांडीवर घेतलं, बोंडलं तोंडाला लावलं. त्याने दोनदा ढकललं. तिसऱ्यांदा एक घोट गिळला. मग आणखी एक. हुंदके देत देत त्याने सगळं बोंडलं संपवलं.

झोळीखालची फरशी ओली होती. दुधाचे थेंब एका जागी पडत राहावेत तशी. आणि दारापाशी वाटी रिकामी होती. आत चार बोटांनी निपटून घेतल्याच्या खुणा होत्या.

देवऋषीला आणावं लागलं नाही.

केरू दूध घेऊ लागला, पेज घेऊ लागला, मऊ भात खाऊ लागला. गालांवर मांस आलं. दुपारी तांब्या मात्र वाजतच होता. पावलं झोळीपर्यंत यायची, थोडा वेळ थांबायची आणि परत जायची. झोळी पुन्हा कधी खाली ओढली गेली नाही.

पावसाच्या आधी आक्काबाई येऊन नातवाला कुरुळीला घेऊन गेली. गेनूही तिकडेच शेतीला गेला. केरू आजीच्या खांद्यावरून सुमनताईंकडे पाहत होता. त्या हसून हात हलवत राहिल्या आणि आक्काबाई वळणाआड गेल्यावर आत येऊन आकड्यावरची झोळी सोडली.

दुपारी घंटा झाली. बायका आल्या आणि गेल्या.

तांब्या वाजला...

टक... टक... रिकाम्या आकड्याखाली येऊन पावलं थांबली.

तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगता आलं असतं. "कुरुळीला आहे, आजीपाशी," एवढंच. पण ती तिकडे गेली आणि लेकराला बघून तिला राहवलं नाही, तर? तिथं कोण वाटणार कडुनिंब? आक्काबाई उंबऱ्यात खिळेच ठोकेल.

पाळणाघरातल्या बाया आयांना रोज म्हणतात तेच सुमनताईंच्या तोंडून निघालं.

"झोपलाय गं. आता उठवू नकोस."

पावलं खूप वेळ तिथंच उभी होती. मग परत गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. सुमनताईंनी पुन्हा तेच सांगितलं. कारखाना बंद पडेपर्यंत, रोज.

त्या खोलीच्या जागी आज गोदाम आहे. केरू मोठा झाला, त्याला नातवंडं झाली. सुमनताई म्हाताऱ्या झाल्या, तरी दुपारी कुठे भोंगा वाजला की उठून दारापाशी पाण्याची बादली भरून ठेवायच्या. घरच्यांनी कारण विचारलं तेव्हा त्यांनी हे सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "माझं सगळं ऐकलं रे तिनं. मीच तिला खोटं सांगितलं. बरोबर केलं का मी?"



केरू कुठे गेला हे तानाबाईला अजून कुणीच सांगितलेलं नाही. तिच्या लेखी तो अजून झोपलेला आहे.